जेवणानंतरचे ठोके

माझा नवरा जहाजावर चीफ इंजिनियर आहे. म्हणून सगळं जग त्यांना चीफ म्हणतं. इमारतीचा वॉचमन म्हणतो, माझ्या दुकानातली गिऱ्हाइकं म्हणतात, सासरी गेलेली लेक लाडात आली की तीसुद्धा म्हणते. मी एरवी 'अहो' म्हणते आणि चिडले की 'चीफ'. ते घरी असले की माझ्या तोंडी बहुतेक वेळ चीफच असतं.

कारण हा माणूस घरी आला की घर उघडून बसतो. नळ, वॉशिंग मशीन, पंखा, बाल्कनीच्या दाराच्या बिजागऱ्या. बिघडलेलं असेल ते तर उघडतातच, पण धडधाकट चालणाऱ्या वस्तूंवरही त्यांचा डोळा असतो. वर्षातले निम्म्याहून जास्त महिने ज्याच्या कानाशी इंजिन घरघरत असतं, त्याला शांत घरात काय करावं ते सुचत नाही. सुट्टी संपता संपता कुठे त्यांना घराची सवय होऊ लागते, आणि तेवढ्यात ऑफिसचा फोन येतो.

लग्नानंतर ते पहिल्यांदा निघाले तेव्हा मी दारात डोळे पुसत उभी होते आणि 'जाऊ नका' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. सासूबाईंनी ते ओळखलं आणि मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. त्यांचा सगळा संसार याच धंद्यावर झालेला, सासरेही जहाजावरच होते. त्या म्हणाल्या, या घरात जाणाऱ्याला थांब म्हणायचं नाही. तो थांबत तर नाहीच, वर मन इकडे ठेवून जातो, आणि यंत्रापाशी मन थाऱ्यावर नसलेल्या माणसाची बोटं जातात. जाणाऱ्यालाही एक पथ्य होतं. 'मला जायचं नाही' असं त्यानेही म्हणायचं नाही. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण आम्ही दोघांनीही ते पाळलं. दरवेळी दारात उभ्या उभ्या आम्ही चाव्या, विजेचं बिल, असलं काहीतरी बोलतो. मग ते जिना उतरतात, मी दार लावते आणि दिवसभर कुणाशी धड बोलत नाही.

माझं चष्म्याचं छोटं दुकान आहे. डोळे तपासायचे, काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या. आयुष्यभर मी माणसांना एकच प्रश्न विचारत आले आहे, हे स्पष्ट दिसतं की हे? माणसं तिथेही खोटं बोलतात. फळ्यावरची अक्षरं पाठ करून येतात, ड्रायव्हर तर हमखास. मला ते लगेच कळतं. आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती.

या सुट्टीत एका दुपारी चीफ जेवून उठले आणि थेट सिंकखाली शिरले. जेवले म्हणजे कसे, तर जहाजावर जेवतात तसे. इंजिनरूममध्ये कधी अलार्म वाजेल सांगता येत नाही, त्यामुळे ताट पुढे आलं की पोटात भरायचं आणि मोकळं व्हायचं. घास चावायचा असतो हे त्यांच्या गावी नाही. मी पाणी प्यायला ग्लास उचलते तोवर यांचं ताट धुवून झालेलं असतं. तर ते सिंकखाली वाकून पाईप पिळत होते, आणि एकदम हातातला पाना ठेवून मागे सरकून जमिनीवरच बसले. तोंडावरचा रंग उडाला होता. छातीवर हात ठेवून म्हणाले, "एक सिलिंडर चुकतोय."

मी त्यांच्या छातीवर हात ठेवला. आतले ठोके सैरावैरा पळत होते, मध्येच थबकत होते, पुन्हा पळत होते. मी डॉक्टरला फोन करायला उठले तोच त्यांना एक भलीमोठी ढेकर आली, पाठोपाठ दुसरी, आणि थोड्या वेळात सगळं शांत झालं. माझा जीव भांड्यात पडला. आम्ही दोघंही हसलो.

पण मग ते वरचेवर होऊ लागलं. मी नजर ठेवून होते, नजर हाच माझा धंदा. पाण्याचा मोठा कॅन खांद्यावर घेऊन जिने चढले तरी काही नाही. सकाळी उपाशीपोटी लांबवर चालून आले तरी काही नाही. पोटभर जेवून वाकले, किंवा जेवल्या जेवल्या डाव्या कुशीवर लवंडले, की झालंच. आधी पोट फुगायचं, घशाशी आंबट यायचं, आणि मागोमाग ठोके चुकायचे. ढेकर आली की हळूहळू ताळ्यावर यायचे. आठवडाभरात माझी खात्री पटली की या भानगडीचं मूळ पोटात आहे.

हे मी त्यांना सांगणार होते. पण त्याआधी जहाजावर जाण्यापूर्वीची नेहमीची तपासणी आली. चीफ नेमके भरपेट नाश्ता करून गेले आणि तिथेच टेबलावर आडवे असताना ठोके चुकले, ते कागदावर उमटले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा, तोवर जहाज विसरा.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या काळजात धस्स झालं. आणि खोटं कशाला बोलू, त्याच्या मागोमाग मला आनंद झाला. इतका, की मी ओढणीने तोंड पुसायचं निमित्त करून तो लपवला. जहाज विसरा. इतक्या वर्षांत हे शब्द माझ्या घरात कुणी उच्चारले नव्हते.

हृदयाच्या डॉक्टर म्हणजे एक बाई होत्या, वयाने माझ्याहून लहान, बोलण्यात घाई. त्यांनी विचारलं, हे कधी होतं? काही खाल्ल्यावर, चालल्यावर, चिडल्यावर?

चीफ म्हणाले, "कधीही होतं. ठरलेलं असं काही नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मनात म्हटलं, धन्य आहे. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारा माणूस हा, याला स्वतःच्या पोटाचं काय कळणार. मी सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. एवढंच केलं मी. डॉक्टरबाईंनी छातीला वायरी चिकटवून एक छोटं यंत्र कमरेला अडकवलं, दिवसभर ठोके नोंदवणारं, आणि म्हणाल्या, घरी जा, रोजच्यासारखं वागा. चीफ रोजच्यासारखे वागले. बकाबका जेवले आणि वॉशिंग मशीनच्या मागे शिरले. यंत्रात जे उतरायचं ते उतरलं. औषधं सुरू झाली आणि जहाजावर जायचं लांबणीवर पडलं.

ते दिवस फार सुंदर होते. औषधाने चीफ थोडे मंदावले होते, तेही मला चालत होतं. संध्याकाळी ते दुकानात येऊन बसायचे. काच घासायच्या माझ्या मशीनचा आवाज त्यांना पसंत पडला नाही, म्हणून एकदा तीही उघडली, आणि दोन गिऱ्हाइकं ताटकळत बसली. मी चीफ, चीफ करत ओरडत होते आणि आतून मला इतकं बरं वाटत होतं. दुकान बंद करून आम्ही चालत घरी यायचो. वाटेत ते दर दुकानापाशी थांबायचे. हे कधी झालं, इथे तर शिंप्याचं दुकान होतं, असं विचारत बसायचे. या रस्त्यावरची कितीतरी वर्षं त्यांनी पाहिलीच नव्हती, ती मी त्यांना चालता चालता सांगायचे. दोरीवर दोन माणसांचे कपडे वाळत असायचे. पंखा किती वेगात हवा यावरून भांडायला माणूस होता.

एकदा त्यांनी डोळे तपासायला सांगितले. मी खोलीतला दिवा मालवला, त्यांना खुर्चीत बसवलं, एकेक काच डोळ्यापुढे धरून विचारू लागले, हे स्पष्ट की हे? ते म्हणाले, दोन्ही सारखंच. मी म्हटलं, अहो, फळ्याकडे बघा, माझ्याकडे काय बघताय. ते म्हणाले, एवढं दिसलं तरी पुरे आहे. या वयात असलं बोलल्याबद्दल मी त्यांना रागावले. मग त्या अंधारात नंबर लिहून घेताना मला एकदम रडू आलं. माणूस हाताच्या अंतरावर बसलेला आणि मला त्याची आठवण येत होती. जहाजावर जाणारी माणसं ज्यांच्या घरात आहेत त्यांना हे वेगळं सांगावं लागणार नाही. आम्हाला आठवण काढायची इतकी सवय झालेली असते की माणूस आला तरी ती थांबत नाही.

ठोके मात्र चुकतच होते. आणि आणखी एक गोष्ट होती, ती मी कानाआड करत होते. चीफ ज्याच्या जागी जाणार होते तो इंजिनियर अजून जहाजावरच होता. बदली माणूस पोचल्याशिवाय त्याची सुटका नव्हती. चीफ एकदा फोनवर कुणाला तरी म्हणाले, त्याला माझ्यामुळे थांबावं लागतंय. मी स्वयंपाकघरातला नळ मोठा सोडला.

डॉक्टरबाईंकडे पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी सांगितलं, औषधाने पुरेसा फरक नाही, आपण एक उपाय करू. मांडीच्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत न्यायची आणि जिथून हे चुकीचे ठोके निघतात ती जागा आतून डागायची. बहुतेकांना काही त्रास होत नाही, क्वचित गुंतागुंत होऊ शकते. त्यांनी कसली कसली गुंतागुंत तेही सांगितलं. चीफ मात्र एखादा सुटा भाग बदलायचा असावा तसे म्हणाले, "ठीक आहे, करून टाकू."

मी त्यांच्या शर्टाच्या वरच्या बटणाकडे बघत होते. त्या बटणामागची जागा डागायची, आणि कशासाठी, तर मी गप्प बसले म्हणून.

"जेवल्यावर होतं," मी म्हटलं.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "काय?"

"फक्त जेवल्यावर. पोटभर जेवून वाकले की, नाहीतर डाव्या कुशीवर झोपले की. आधी पोट फुगतं, घशाशी येतं, मग ठोके चुकतात. ढेकर आली की थांबतं. उपाशीपोटी मी एकदाही पाहिलेलं नाही."

चीफनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला वाचता आली नाही. मला वाटलं, आपल्या बायकोचं इतकं लक्ष असतं याचं नवल वाटलं असेल.

बाई आता घाई विसरल्या. खोदून खोदून विचारत राहिल्या, आणि मग समजावून सांगितलं. पोट आणि हृदय शेजारीशेजारी असतात, मध्ये एक पातळ पडदा. पोट गच्च भरलं, गॅसने फुगलं, की त्या पडद्यावर दाब येतो. शिवाय एक लांबलचक नस मेंदूतून खाली उतरते, ती हृदयालाही निरोप देते आणि पोटालाही. पोटाच्या गडबडीत ती डिवचली गेली तर ठोके बिघडू शकतात. "हेच कारण आहे असं मी छातीठोक सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "यातलं बरंच अजून आम्हालाही नीट कळलेलं नाही. पण तुम्ही सांगताय तसं असेल तर आधी पोट बघू. तार काही पळून जात नाही."

पोटाच्या डॉक्टरांनी घशातून नळी घालून पाहिलं. पोटाचा वरचा भाग त्या पडद्यातल्या फटीतून वर सरकत होता आणि आम्ल अन्ननलिकेत चढत होतं. मग पथ्य आलं. थोडं थोडं खायचं, सावकाश चावून खायचं, जेवल्यावर वाकायचं नाही, लगेच आडवं व्हायचं नाही, उशाकडची बाजू उंच करायची. यातलं निम्मं मी लग्नापासून सांगत होते, पण माझ्या भिंतीवर पदवी टांगलेली नव्हती ना. चीफ आता एकेक घास असा चावायचे की माझं जेवण आधी होऊ लागलं.

ठोके थांबले. अगदी थांबले. पुन्हा यंत्र लावलं, त्यात नाव घेण्यासारखं काही उतरलं नाही. डॉक्टरबाईंनी बजावलं, आता शेजारीपाजारी सांगत सुटू नका की हृदयाचं दुखणं म्हणजे गॅस. छातीत दुखत असताना गॅस समजून घरी बसणारी माणसं दगावतात. तुमचं तपासून कळलंय म्हणून ठीक. मग त्यांनी चीफना जहाजावर जायला मोकळीक दिली आणि आमचं अभिनंदन केलं. मी त्यांचे आभार मानले. माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे.

मी औषधं घेईपर्यंत चीफ बाहेर कॉरिडॉरमध्ये फोनवर बोलत होते. घरी येताना म्हणाले, ऑफिसला कळवलं, रविवारी निघतो. मी म्हटलं, बरं. आणि वाटेत भाजी घेतली.

शनिवारी संध्याकाळी ते बॅग भरत होते. त्यांची बॅग तेच भरतात, मला हात लावू देत नाहीत. मी पलंगाच्या कडेला बसून बघत होते आणि गप्प बसवेना म्हणून नेहमीप्रमाणे टोमणा मारला. म्हटलं, काय चीफ, इंजिनाला कान लावून कुठला नट ढिला आहे ते सांगता म्हणे, आणि स्वतःच्या छातीतलं इंजिन जेवल्यावरच बिघडतंय हे तुम्हाला...

पुढचे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. नुसत्या आवाजावरून नट ओळखणारा माणूस होता तो.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

त्यांनी हातातल्या शर्टाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "पहिल्याच दिवशी. सिंकखाली."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"बरा झालो असतो."

ते शर्टाकडे बघतच म्हणाले, "थांबायला दुसरं कारण नव्हतं माझ्याकडे. मग तू सांगून टाकलंस. मला वाटलं, कंटाळलीस. घरात कायमचा माणूस असायची तुला सवय नाही, नळ उघडतो, मशीन उघडतो, ओरडत असतेस. म्हटलं, हिला आपण नकोसे झालोय. म्हणून डॉक्टरांनी मोकळीक दिल्या दिल्या कॉरिडॉरमधूनच ऑफिसला होकार देऊन टाकला."

"ते तुमचं काळीज डागणार होते, चीफ."

"हो. मलाही भीती वाटत होती."

मला हसावं की त्यांना बॅग फेकून मारावी ते कळेना. मी सांगितलं, मलाही पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं, मीही याचसाठी गप्प होते. ते शर्ट हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. दोघंही तेच दुखणं पोटात दाबून एकाच ताटाशी बसत होतो. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांना इतके कमी ओळखतो याचं मला फार वाईट वाटलं, आणि तितकंच बरंही वाटलं.

मग मी उठले आणि त्यांचा फोन त्यांच्या हातात दिला. म्हटलं, करा ऑफिसला, सांगा नाही येत.

ते म्हणाले, "त्याची बायको रोज ऑफिसला फोन करते."

"कुणाची?"

"तिकडे जो आहे त्याची. काल रडली म्हणे फोनवर. उद्या मी निघालो नाही तर दुसरा माणूस मिळेपर्यंत तो अडकला. ही एक फेरी करावीच लागेल."

त्या बाईला मी कधी पाहिलेलं नाही. मला तिचा राग आला, खूप राग आला. पण एकदा चीफचा बदली माणूस आला नव्हता तेव्हा मीही असाच फोन केला होता, आणि पलीकडच्या माणसाने वैतागून 'बाई, धीर धरा' म्हटलं होतं. तेव्हा कुणाच्या घरून कोण उठून निघालं आणि माझा माणूस सुटला, हे मी कधी विचारलंही नव्हतं. मी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

रविवारी सकाळी खाली टॅक्सी आली. चीफनी सावकाश नाश्ता केला, थोडाच. गोळ्या वरच्या कप्प्यात ठेवल्या का ते मी विचारलं, ठेवल्या म्हणाले. बाल्कनीच्या दाराला तेल दे, म्हणाले. देईन म्हटलं. ते बॅग घेऊन उंबऱ्याबाहेर गेले आणि जिन्याकडे वळले.

"जाऊ नका," मी म्हटलं.

ते थांबले. जाणार आहेत हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. खालून टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले.

"जाऊ नका."

त्यांनी बॅग खाली ठेवली नाही. तिथूनच माझ्याकडे बघत, लहान मुलासारखा ओठ काढून, माझा साठीला आलेला नवरा म्हणाला, "मला जायचं नाहीये गं."

आणि ते गेले.